गंध, भिंत आणि भाडेकरू : पश्चिम आफ्रिकी स्थलांतरितांच्या कथनातील स्वयंपाकघर

१

स्थलांतरितांच्या साहित्याची चर्चा करताना अन्नाचा उल्लेख आला की समीक्षा बहुधा स्मृतीकडे वळते. परदेशी गेलेले पात्र मायदेशातला एखादा पदार्थ रांधते, त्याच्या वासाने त्याला घर आठवते आणि समीक्षक त्या प्रसंगाची स्मरणरंजनाचे किंवा अस्मितेच्या शोधाचे उदाहरण म्हणून नोंद करून पुढे जातो. हे वाचन चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. त्यात पदार्थाची चव आणि पदार्थाचा गंध यांना एकच मानले जाते. वस्तुतः या दोहोंचा सामाजिक व्यवहार भिन्न आहे. चव घेण्यासाठी घास तोंडात घालावा लागतो, म्हणजेच खाणाऱ्याने संमती द्यावी लागते. गंध संमती मागत नाही. तो दाराखालून, जिन्यातून, सामाईक भिंतीच्या फटीतून न खाणाऱ्यापर्यंतही पोहोचतो. म्हणून परक्या देशातील स्वयंपाकघरात चव हा स्मृतीचा प्रश्न असला, तरी गंध हा शेजाराचा, आणि पर्यायाने जागेवरील हक्काचा प्रश्न असतो.

पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या काही कथात्म संहिता आणि एक चित्रपट यांच्या आधारे हा मुद्दा येथे तपासावयाचा आहे. मात्र तेवढ्यावर थांबता येणार नाही. या संहिता गंधाच्या राजकारणाचे जे चित्र उभे करतात ते प्रभावी आहे, याबद्दल दुमत नसावे. पण त्यांतील सर्वाधिक उद्धृत होणारी कथा हे चित्र रेखाटताना ज्या पदार्थाची निवड करते ती निवड वाचकाच्या नाकाला फारशी तोशीस पडू देत नाही. ही निवड योग्य आहे काय, हा प्रश्न या लेखाच्या केंद्रस्थानी आहे.

२

प्रथम ज्या पदार्थांच्या गंधाविषयी बोलावयाचे त्यांची ओळख करून घेणे आवश्यक आहे. योरुबा भाषेत ‘इरू’, हौसा भाषेत ‘दावादावा’, माली व बुर्किना फासो या भागांत ‘सुम्बाला’ आणि सेनेगलमध्ये वोलोफ भाषेत ‘नेतेतू’ या नावांनी ओळखला जाणारा पदार्थ मूलतः एकच आहे. पार्किया बिग्लोबोसा या झाडाच्या शेंगांतील कठीण बिया बारा-बारा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ शिजवतात, चोळून त्यांची साले काढतात, पुन्हा शिजवतात आणि पानांत वा कापडात गुंडाळून दोन-चार दिवस उबेत ठेवतात. बॅसिलस जातीचे जीवाणू त्या बियांतील प्रथिनांचे विघटन करतात. त्यातून एकीकडे अमोनिया सुटतो आणि दुसरीकडे ग्लुटामिक आम्ल मोकळे होते. पहिल्यामुळे नाकाला झोंबणारा उग्र वास येतो. दुसऱ्यामुळे कालवणाला मांसासारखी भरदार चव येते. इग्बो स्वयंपाकातील ‘ओगिरी’ एरंडाच्या किंवा कलिंगडवर्गीय फळांच्या बियांपासून जवळपास अशाच रीतीने करतात. घानाचा ‘मोमोनी’ आणि सेनेगलचा ‘गेज’ हे मुरवलेल्या माशांचे प्रकार आहेत.

येथे मराठी वाचकाची एक भाषिक अडचण लक्षात घ्यावी लागते. आपल्याकडे इडली-डोशाचे पीठ आंबते, ताक आंबते, आंबील होते. ‘आंबणे’ या क्रियापदातच आंबटपणा गृहीत आहे. इरू किंवा ओगिरी यांची क्रिया याच्या उलट दिशेची, अल्कधर्मी आहे. तेथे पदार्थ आंबट होत नाही. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘आंबवणे’ म्हणू त्या क्रियेसाठी आपल्या रोजच्या बोलीत नेमका शब्दच नाही. ज्या गंधाच्या निर्मितीला भाषेत नाव नसते तो गंध नासलेपणाच्या रकान्यात पडण्याची शक्यता अधिक असते. त्यातल्या त्यात हिंगाचा दाखला आपल्याला जवळचा वाटेल. डबीतला हिंग आणि तापलेल्या तेलातला हिंग यांत जे अंतर आहे तसेच काहीसे अंतर कच्चा इरू आणि पामतेलात परतलेला इरू यांत आहे. डबी उघडणारा आणि जेवायला बसणारा यांची मते वेगळी असणे म्हणूनच स्वाभाविक ठरते.

आणखी एक पदार्थ येथे विशेष महत्त्वाचा आहे. नायजेरियाच्या पूर्व भागात ‘ओकपोरोको’ म्हणून ओळखला जाणारा सुकवलेला कॉड मासा इग्बो रस्स्यांचा आधार मानला जातो. शिजताना त्याचा वास घरभर पसरतो. हा मासा आफ्रिकेच्या समुद्रातला नाही. तो नॉर्वेच्या उत्तरेकडील लोफोटेन बेटांवर हिवाळ्याच्या अखेरीस लाकडी मांडवांवर, मीठ न लावता, थंड वाऱ्यात वाळवला जातो आणि तेथून नायजेरियात येतो. १९६७ ते १९७० या काळातील बियाफ्रा युद्धात उपासमारीला तोंड देणाऱ्यांसाठी आलेल्या मदतीतही तो होता. युरोपातील एखाद्या इमारतीत जो गंध ‘आफ्रिकी’ म्हणून नकोसा होतो त्याचे मूळ युरोपच्याच किनाऱ्यावर असू शकते, ही वस्तुस्थिती बोलकी आहे. गंधाला जी राष्ट्रीयता चिकटते ती पदार्थाच्या उगमावरून नव्हे, तर तो कोणाच्या चुलीवर शिजतो त्यावरून ठरते.

३

न्याय-वैशेषिक परंपरेने गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आणि त्याचे सुरभी व असुरभी असे दोनच भेद केले. या विभागणीत सुरभित्व वा असुरभित्व वस्तूच्या ठायी असते. आपण ज्या संहितांकडे वळत आहोत त्या या गृहीतकालाच आव्हान देतात.

चिमामांडा न्गोझी अडिची यांच्या ‘द थिंग अराउंड युवर नेक’ (२००९) या संग्रहातील ‘द अरेंजर्स ऑफ मॅरेज’ ही कथा या संदर्भात नेहमी उल्लेखिली जाते. ठरवून झालेल्या लग्नानंतर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आलेली चिनाझा आणि स्वतःचे इग्बो नाव टाकून ‘डेव्ह’ झालेला तिचा डॉक्टर नवरा यांची ही कथा. चिनाझाने बरोबर आणलेल्या उझिझाच्या बिया विमानतळावरच जप्त होतात. ती त्या अमेरिकेच्या मातीत पेरील अशी तेथील अधिकारी स्त्रीला धास्ती वाटते. उझिझा ही आपल्या मिऱ्याच्याच कुळातली, झणझणीत चवीची वनस्पती. पुढे चिनाझा नारळाच्या दुधातला भात शिजवते. त्याचा वास इमारतीत पसरतो. एक वयस्क गोरी शेजारीण त्याची मनापासून स्तुती करते. त्यानंतर नवरा अमेरिकी पाककृतींचे एक जाडजूड पुस्तक घेऊन येतो आणि परक्या अन्नाच्या वासाने इमारत भरून टाकणारी माणसे अशी आपली ओळख व्हायला नको, असे बायकोला बजावतो.

येथे गंध असुरभी ठरतो तो वस्तुगुणामुळे नव्हे. शेजारणीच्या नाकाने त्याला सुरभी ठरवून टाकलेलेच आहे. तरीही निर्णय फिरतो, कारण तो देणारे नाक दुसरेच आहे. ते नाक शरीराने इग्बो आणि सवयीने घरमालकाचे आहे. नवरा प्रत्यक्ष शेजाऱ्यांच्या नापसंतीला भीत नाही, कारण अशी नापसंती कथेत कोणी व्यक्तच करीत नाही. तो संभाव्य नापसंतीला भितो. वसाहतोत्तर समीक्षेत ज्याला आत्मसात केलेली परनजर म्हटले जाते तिचेच हे घ्राणेंद्रियाच्या पातळीवरील रूप होय. नजरेपासून लपता येते, पडदा ओढता येतो. वासाला पडदा नाही. त्यामुळे नवऱ्याला पदार्थच बदलावा लागतो, आणि तो बदलणे बायकोवर सोपवले जाते. अन्न, नाव आणि भाषा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलावयास लावणारा हा पुरुष कथेच्या शेवटी दार उघडून तिला आत घेतो. तिच्या वास्तव्याची कागदपत्रे व्हायची आहेत, म्हणून ती परत आलेली असते. कागदपत्रांवाचून भिंत ओलांडू शकला तो फक्त तिच्या भाताचा वास.

बुची एमेचेता यांच्या ‘सेकंड-क्लास सिटिझन’ (१९७४) या कादंबरीतील एक प्रसंग याच्या जोडीने वाचण्यासारखा आहे. लंडनमध्ये खोली शोधणारी आदा घरमालकिणीशी फोनवर बोलताना आपला आफ्रिकी उच्चार लपवण्यासाठी नाकपुड्या दाबून धरते. घाणेरडा वास आल्यावर माणूस जी कृती करतो तीच कृती ती स्वतःचा आवाज ‘स्वच्छ’ करण्यासाठी करते. फोनवर खोली मिळते; दारात उभी राहिल्यावर, तिचा वर्ण दिसताच, ती नाहीशी होते. येथे स्वयंपाक नाही, चूल नाही. तरीही परक्या शहरातल्या भाडेकरूने स्वतःलाच दुर्गंध मानावे अशी ही व्यवस्था आहे, हे एमेचेता एका हावभावातून दाखवतात. अडिचींचा डेव्ह हा याच हावभावाचा वारस आहे. त्याची नाकपुडी कायमची दाबलेली आहे, एवढाच फरक.

‘अमेरिकाना’ (२०१३) या कादंबरीच्या आरंभी याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. नायिका इफेमेलू हिला प्रिन्स्टनची खूण पटते ती तेथे कसलाच वास नसण्यावरून. इतर शहरांना त्यांचे त्यांचे वास आहेत. गंधहीनता ही नैसर्गिक अवस्था नसून ती मालमत्तेची एक खूण आहे, असे हे निरीक्षण सुचवते. ज्यांच्या घरांमध्ये अंतर असते त्यांच्या स्वयंपाकाला वास ‘येत नाही’. ज्यांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात त्यांच्याच स्वयंपाकाला तो येतो. आमा आटा आयडू यांच्या ‘अवर सिस्टर किलजॉय’ (१९७७) मध्ये घानातून जर्मनीला गेलेल्या सिस्सीला थंड अन्नाचेच नवल वाटते. ज्याला वाफ नाही त्याला पसरणारा गंधही नाही, आणि असे अन्न स्वेच्छेने खाणारा समाज तिच्या दृष्टीने चमत्कारिक ठरतो. दोन्ही लेखिका आपापल्या परीने गंधहीनतेकडे बोट दाखवून तिला प्रमाणाच्या आसनावरून खाली उतरवतात.

४

आता मूळ शंकेकडे वळू. ‘द अरेंजर्स ऑफ मॅरेज’ मध्ये इमारतभर पसरणारा वास नारळीभाताचा आहे. मराठी वाचकाला तर या प्रसंगात कसलाच अडथळा जाणवत नाही. आपला नारळीभात गोड आणि पश्चिम आफ्रिकेतला तिखटमिठाचा. पण नारळाचे दूध आणि तांदूळ एकत्र शिजत असताना येणाऱ्या दरवळाशी आपले नाते जुने आहे. नवऱ्याचा अन्याय आपल्याला तत्काळ पटतो, कारण इतक्या चांगल्या वासाला कोणी नाव ठेवावे हे आपल्याला अनाकलनीय वाटते. संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर येथे साधारणीकरण विनासायास घडते. जो खरोखर झणझणीत होता तो उझिझा विमानतळावरच काढून घेण्यात आला आहे. कथेतील सीमाशुल्क अधिकाऱ्याने जे काम केले तेच काम नकळत कथेच्या रचनेनेही केले आहे, असे म्हणण्याचा मोह होतो.

या आक्षेपाला एक उत्तर आहे. पदार्थ जितका निरुपद्रवी तितका नवऱ्याच्या भीतीचा निराधारपणा स्पष्ट, आणि लेखिकेला तोच दाखवायचा आहे. कथेपुरते हे उत्तर समाधानकारक आहे. परंतु त्यातून निघणारे नैतिक सूत्र तपासले की त्याची मर्यादा जाणवते. ‘हा वास खरे तर चांगला आहे, म्हणून त्याला हरकत घेणे चूक’ असे ते सूत्र होते. मग ज्याला चांगला म्हणणे शेजाऱ्याला प्रामाणिकपणे शक्य नाही अशा वासाचे काय? ओगिरीची पुडी उघडल्यावर काय? सुकवलेला कॉड मासा तासभर उकळत असताना काय? परदेशी राहून हे पदार्थ रांधणाऱ्या स्त्रिया ओगिरी एकात एक घातलेल्या डब्यांत ठेवतात, कडाक्याच्या थंडीतही खिडक्या उघडतात, अंगावरचे कोट आधी दुसऱ्या खोलीत नेऊन दार लावतात. त्यांच्यापुढचा प्रश्न गैरसमजाचा नाही. वास उग्र आहे हे त्याही जाणतात; तो उग्र असूनही आपला आहे, एवढेच त्यांचे म्हणणे असते. चांगुलपणाच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असलेली सहिष्णुता या स्त्रियांच्या उपयोगाची नाही.

या दृष्टीने त्याच संग्रहातील शीर्षककथा अधिक प्रौढ वाटते. तिच्यातील संबंधित प्रसंग जेमतेम काही वाक्यांचा असला तरी. द्वितीयपुरुषी निवेदनातील या कथेत अकुन्ना आपल्या गोऱ्या मित्राला गारी आणि ओनुग्बूचा, म्हणजे कडू पानांचा, रस्सा वाढते. तो खातो आणि तिच्याच मोरीत ओकतो. निवेदन यावर कसलीही सारवासारव करीत नाही. मित्र दुष्ट नाही, रस्सा वाईट नाही आणि ओकारीही खोटी नाही. अकुन्नाला याचे वाईट वाटत नाही. उलट आता हा रस्सा मांस घालून करता येईल, असे तिच्या मनात येते, कारण मित्र मांस खात नाही. रस्त्यात पडलेला धोंडा दूर व्हावा तशी त्याची मान्यता दूर होते आणि ती आपल्या रस्स्याकडे परत येते.

बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा. तिचा आलंबनविभाव म्हणून एखादी किळसवाणी वस्तू परंपरेने कल्पिलेली आहे. येथे एकच रस्सा एकासाठी जुगुप्सेचे आलंबन आहे आणि दुसरीसाठी घराचे. दोघांनाही मान्य होईल असा तिसरा, तटस्थ अर्थ कथा शोधत नाही. सहृदयाचे नाक सर्वत्र सारखे असते या श्रद्धेवर साधारणीकरणाची उभारणी झालेली आहे. ही श्रद्धा येथे शांतपणे बाजूला ठेवली जाते. प्रेमाला एकाच चवीची अट नसावी, परंतु प्रेमाने चवीतील अंतर नाकारूही नये, असे काहीसे हा प्रसंग सांगतो.

याच कथेतील दुसरा तपशील इतकाच सूचक आहे. मित्राला चवीसाठी वापरल्या जाणाऱ्या मोनोसोडियम ग्लुटामेटची धास्ती आहे. त्यामुळे कर्करोग होतो, असे तो मानतो. अकुन्नाची आई मात्र इतर मसाले परवडत नसल्याने सगळ्या स्वयंपाकात ‘दावादावा’च्या वड्या घालीत असे, आणि त्या वड्या म्हणजे तेच द्रव्य होते. हे अकुन्ना त्याला सांगत नाही. येथे भाषेत काय घडले आहे ते पाहण्यासारखे आहे. चार दिवसांच्या खटपटीनंतर मिळणाऱ्या मुरवलेल्या बियांचे नाव कारखान्यातल्या वडीला चिकटले आहे. वास गेला, नाव उरले. ज्या ग्लुटामेटसाठी मूळ बिया मुरवल्या जात तेच आता सुटे, गंधहीन आणि स्वस्त मिळते. गेल्या काही दशकांत पश्चिम आफ्रिकेच्या शहरी स्वयंपाकघरांत अशा वड्यांनी इरूची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. म्हणजे निर्गंधीकरणाची प्रक्रिया ब्रुकलिनच्या इमारतीत सुरू होत नाही. ती मायदेशातच सुरू झालेली असते. मायदेश म्हणजे अस्सल गंध आणि परदेश म्हणजे त्याचा लोप, ही स्मरणरंजनवादी समीक्षेची सोयीची विभागणी या एका तपशिलाने ढासळते.

५

‘हे अन्न आम्हांला आवडते’ असे यजमान समाजाने म्हटले की प्रश्न सुटतो, असे कोणी मानील. त्या समजुतीसाठी उस्मान सेम्बेन यांच्या ‘ला न्वार द...’ (१९६६) या चित्रपटाचे स्मरण पुरेसे आहे. डाकारहून फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील अँतीब येथे आणलेल्या दियुआनाला पाहुण्यांसाठी आफ्रिकी पद्धतीचा भात करावयास सांगितले जाते. पाहुणे तो कौतुकाने खातात. एक जण तर अशी काळी मुलगी कधी चुंबिली नाही म्हणून उठून तिचे चुंबन घेतो. येथे गंधाला मज्जाव नाही, उलट आमंत्रण आहे. परंतु ते जेवणापुरते आहे. शिजवणारी स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि निजण्याची खोली यांच्या बाहेर पडू शकत नाही, आणि अखेरीस त्याच न्हाणीघरात ती जीवन संपवते. डेव्हच्या इमारतीत माणूस राहू शकतो, वास नाही. अँतीबच्या सदनिकेत वास राहू शकतो, माणूस नाही. दोन्हीकडे अन्न आणि ते रांधणारी व्यक्ती यांची फारकत केली जाते. आवड आणि किळस या परस्परविरोधी प्रतिक्रिया एकाच व्यवस्थेत सुखेनैव नांदू शकतात, हे सेम्बेन यांनी फार लवकर ओळखले होते.

तेव्हा गंधाच्या प्रश्नाचे उत्तर आवडीनिवडीच्या पातळीवर शोधता येणार नाही. ते राहण्याच्या हक्काच्या पातळीवर शोधावे लागेल. शेजाऱ्याला माझ्या रस्स्याचा वास आवडणे आवश्यक नाही, आणि तो न आवडल्याने त्याला माझ्या चुलीवर अधिकार मिळत नाही. या दोन विधानांमध्ये जी अवघड जागा आहे तेथे या साहित्याचे खरे काम आहे. ‘द थिंग अराउंड युवर नेक’ मधील मोरीचा प्रसंग त्या जागेवर पाऊल ठेवतो. ‘द अरेंजर्स ऑफ मॅरेज’ मधील नारळीभात, त्या कथेची कलात्मक सफाई मान्य करूनही, त्या जागेला वळसा घालून जातो.

मराठी वाचकासाठी, आणि उद्या या कथा मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकासाठी, यातून एक व्यावहारिक सूचना निघते. ‘याला वास येतो’ असे आपण विशेषणाशिवाय म्हणतो तेव्हा तो वास वाईटच असतो. चांगल्यासाठी दरवळ, सुवास, घमघमाट, खमंगपणा असे वेगळे शब्द योजावे लागतात. म्हणजे आपल्या भाषेच्या व्याकरणाबाहेरील संकेतांतही एक घरमालक बसलेला आहे. ओगिरीच्या वासासाठी ‘सुवास’ लिहिले तर तो खोटेपणा होईल. ‘दुर्गंधी’ लिहिले तर डेव्हची बाजू घेतल्यासारखे होईल. ‘उग्र’ हा शब्द कदाचित सर्वांत न्याय्य ठरावा. उग्रतेत तीव्रता आहे, निवाडा नाही. देवतेलाही आपण उग्र म्हणतो आणि तरी तिला घरात ठेवतो.